मोठी मूळ संख्या कशी तपासावी : २१४७४८३६४७ ची पायरीपायरीने ओळख

शाळेत मूळ संख्येची व्याख्या एका ओळीत आटोपते. पुढे कधीतरी बातमी कानावर येते, की चार कोटी अंकांची नवी मूळ संख्या सापडली. मधला रस्ता मात्र कोणी दाखवत नाही. एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ठरवतात कसं, आणि एकदा ठरलं की तिच्याबद्दल आणखी काय विचारायचं, हे नवख्याला कळायला मार्गच नसतो.

म्हणून इथे एकच संख्या घेऊ आणि तिचा शेवटपर्यंत पिच्छा सोडायचा नाही : २१४७४८३६४७. ही संख्या म्हणजे २^३१ − १. (या लेखात ^ हे चिन्ह घातासाठी वापरलं आहे, २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात.) दर वेळी दहा अंक लिहायला नकोत म्हणून तिला ‘प’ म्हणू. ती मोठी आहे, पण कागदावर मावते. तिच्यावर खुद्द ऑयलर या अठराव्या शतकातल्या थोर गणितज्ञांनी मेहनत घेतली होती. आणि प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या ती रोजच्या पाहण्यातली असते, कारण ३२ बिटांच्या धन-ऋण पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी किंमत हीच. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार ०३:१४:०७ ला याच आकड्यावर येऊन अडतील.

साहित्य फारसं लागत नाही : कागद, पेन, साधा कॅल्क्युलेटर आणि पायथॉन ही संगणकाची भाषा. पायथॉनऐवजी पारी-जीपी वापरलंत तरी चालेल. पूर्णांकांच्या असल्या गणितासाठी ते जास्त सोयीचं आणि फुकट आहे. गणित दहावीपर्यंतचं पुरे, फक्त ‘बाकी’ या कल्पनेशी दोस्ती हवी.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. मूळ संख्येच्या आत शोधण्यासारखं काही नसतं, तिला अवयवच नाहीत. तिचा सगळा स्वभाव कळतो तो तिच्या दोन शेजाऱ्यांकडून, प − १ आणि प + १ यांच्याकडून. पुढच्या बहुतेक पायऱ्यांत आपण याच दोघांची चौकशी करणार आहोत.

पायरी १ : संख्या वेगवेगळ्या रूपांत लिहून घ्या

दशमान पद्धतीत ती आहे २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. द्विमान पद्धतीत मात्र ती नुसते ३१ एक आहे, एकही शून्य नाही. हे रूप डोक्यात ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग होईल. २^न − १ या घाटाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१, म्हणजे आपली आठवी.

घातांक मूळ नसेल तर २^न − १ कधीच मूळ नसते. उदाहरणार्थ २^१५ − १ ला २^३ − १ आणि २^५ − १ दोन्ही भागतात. उलट बाजू खरी नाही : ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ही २०४७ लक्षात ठेवा, ती चौथ्या पायरीत सापळा लावून बसली आहे.

पायरी २ : छोटे भागाकार उरकून घ्या

शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ बाद. यानंतर ७, ११ आणि १३ यांच्यासाठी तीन वेगळे भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, आणि १००० ला १००१ ने भागलं की बाकी ‘−१’ धरता येते. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-वजा करायचं :

६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९

आता तिन्ही भागाकार ३०९ वर करा. ७ ने बाकी १, ११ ने बाकी १, १३ ने बाकी १०. तिघेही बाद. ७ आणि ११ दोघांनी बाकी १ ठेवली, याचा अर्थ ७ आणि ११ हे प − १ चे अवयव आहेत. शेजाऱ्याबद्दलची ही पहिली खबर; वहीत टिपून ठेवा.

पायरी ३ : कुठवर भागायचं, आणि कशाकशाने

प ला अवयव असलाच तर त्यातला एक तरी वर्गमूळाच्या आत असणार. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६०० आहे आणि ४६३४१ चा २१४७४८८२८१. तेव्हा ४६३४० पर्यंत पाहिलं की पुरे. तिथवर ४७९२ मूळ संख्या आहेत. संगणकाला हे काम किरकोळ आहे. हाताने करणाऱ्याला मात्र ४७९२ भागाकार म्हणजे शिक्षाच, म्हणून १७७२ साली ऑयलर यांनी आधी डोकं चालवलं आणि मग भागाकार केले. त्यांची दृष्टी तोवर जवळपास गेलेली होती, हे विसरू नये. त्यांची युक्ती शिकण्यासारखी आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

समजा ‘क’ ही मूळ संख्या प ला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागलं की बाकी १ उरते. आता २, ४, ८, १६... असे घात घेत प्रत्येकाची क ने बाकी लिहीत चला. बाकी १ पहिल्यांदा ज्या घातांकाला येते, त्याला २ चं आवर्तन म्हणू. त्यानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून जिथे जिथे बाकी १ येते तो प्रत्येक घातांक आवर्तनाच्या पटीत असतो. ३१ ला बाकी १ आली आहे आणि ३१ ला १ व ३१ एवढेच विभाजक. आवर्तन १ असणं शक्य नाही, तसं असेल तर क ने १ ला भागावं लागेल. तेव्हा आवर्तन ३१.

इथे फर्मा यांचं छोटं प्रमेय येतं : क मूळ आणि विषम असेल तर २^(क−१) ची क ने बाकी १ असते. म्हणजे क − १ हा ३१ च्या पटीत. क विषम, म्हणून क − १ सम. दोन्ही मिळून क हा ६२ट + १ या घाटाचा (ट म्हणजे कुठलीही पूर्ण संख्या).

अजून एक चाळणी आहे. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा तर २^१६ चा वर्ग. म्हणजे क च्या हिशेबात (फक्त क ने येणारी बाकी पाहिली तर) २ हा कशाचा तरी वर्ग ठरतो, आणि असं तेव्हाच होतं जेव्हा क ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या की उरतात फक्त दोन साचे :

२४८ट + १ आणि २४८ट + ६३

४६३४० पर्यंत या साच्यांत ३७३ संख्या बसतात. पहिलीच ६३, ती मूळ नाही, म्हणून राहिल्या ३७२. त्यांतही पुष्कळ आपोआप गळतात : २४९ ला ३ जातो, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, १२४१ = १७ × ७३. पहिला खरा उमेदवार ३११, त्यानंतरचा थेट १३०३. ३११ ने भागून पाहा : भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. गेला. असं शेवटपर्यंत करत गेलं की एकही लागू पडत नाही.

हाच साचा दुसरीकडे लावून पाहा म्हणजे त्याची ताकद कळेल. २^२९ − १ साठी उमेदवार ५८ट + १ : ५९, ११७, १७५, २३३... यातला २३३ तिला नेमका भागतो. मर्सेन यांनी १६४४ मध्ये आपली प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात ३१ होता आणि तो बरोबर निघाला. ६७ सुद्धा होता, तो चुकला. २^६७ − १ चे अवयव पुढे १९०३ मध्ये कोल यांनी मांडले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७.

पायरी ४ : फर्मा कसोटी, आणि तिचा सापळा

भागाकारांचा मार्ग दहा अंकांपर्यंत ठीक. वीस अंकांना तो लांबतो, चाळीस अंकांना बंदच पडतो. तिथे उलटा विचार करतात. अवयव शोधायचे नाहीत, संख्या मूळ असल्यासारखी वागते का तेवढं पाहायचं.

वागणूक म्हणजे वरचंच प्रमेय : प मूळ असेल तर प ने भाग न जाणारा कुठलाही पाया ‘अ’ घ्या, अ^(प−१) ची प ने बाकी १ आली पाहिजे. पायथॉनमध्ये यासाठी पॉव हे फंक्शन आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : पाया, घातांक, आणि ज्याने भागून बाकी हवी ती संख्या. नवशिके आधी घात काढतात आणि मग बाकी. तसं केलंत तर ३ चा हा घात शंभर कोटींहून जास्त अंकांचा होईल आणि यंत्र गपगार पडेल. तीन गोष्टी एकदम दिल्या की आतमध्ये वर्ग, बाकी, वर्ग, बाकी असं साधारण तीसेक वेळा होतं आणि उत्तर डोळ्याची पापणी लवण्याआधी येतं.

आता सापळा. बहुतेक जण पाया म्हणून २ घेतात, आणि मर्सेन घाटाच्या संख्येला २ चा पाया लावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं आहे. कारण २^३१ ची बाकी १ हे तर संख्येच्या व्याख्येतच आलं, आणि ३१ हा प − १ ला भागतो. घातांक मूळ असला की अशी प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, २ च्या पायाने उत्तीर्ण होते. २०४७ सुद्धा होते! तिला ३ चा पाया लावा, लगेच पितळ उघडं पडतं : ३^२०४६ ला २०४७ ने भागून बाकी १ येत नाही.

याहून कडक कसोटी मिलर-राबिन यांची. तिच्यात प − १ मधले सगळे २ बाजूला काढतात. आपल्या प − १ मध्ये २ एकदाच आहे, म्हणून काम सोपं : अ^१०७३७४१८२३ ची बाकी काढायची, ती १ किंवा प − १ आली पाहिजे, दुसरं काहीही चालणार नाही. करून पाहा. २ ला १ येतो. ३, ५ आणि ७ या तिघांना २१४७४८३६४६ येतो, म्हणजे ‘−१’.

एरवी ही कसोटी ‘बहुधा मूळ’ एवढंच म्हणते. पण ३२१५०३१७५१ पेक्षा लहान असलेली एकही संयुक्त संख्या २, ३, ५ आणि ७ या चारही पायांना एकाच वेळी फसवू शकत नाही, हे तपासून झालेलं आहे. प त्याच्या आत आहे. तेव्हा आपल्यासाठी हे चार आकडे म्हणजे पूर्ण पुरावा.

पायरी ५ : लुकास-लेमर, म्हणजे उजव्या शेजाऱ्याची साक्ष

मर्सेन संख्यांच्या बाबतीत प + १ हा शुद्ध २ चा घात असतो, आणि याच गोष्टीवर ही कसोटी उभी आहे. मला विचाराल तर संपूर्ण विषयातली ही सर्वांत देखणी कृती. नियम एवढाच : ४ पासून सुरू करा, दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, बाकी घ्या. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य आला तर संख्या मूळ, नाही आला तर संयुक्त. इथे ‘बहुधा’ नाही.

आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर हात साफ करा. पाच पायऱ्या आहेत :

४
४ × ४ − २ = १४
१४ × १४ − २ = १९४, बाकी ६७
६७ × ६७ − २ = ४४८७, बाकी ४२
४२ × ४२ − २ = १७६२, बाकी १११
१११ × १११ − २ = १२३१९ = ९७ × १२७, बाकी ०

झालं, १२७ मूळ. आता प साठी २९ पायऱ्या. पहिल्या चार सोप्या : १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. पाचवीला वर्ग २ ने कमी करून येतात २००५९५६५४६८२२७४६११४, आणि याला प ने भागायचं म्हटलं की पेन खाली ठेवावंसं वाटतं. इथे ते ३१ एकांचं रूप कामी येतं. २^३१ ची बाकी १ असल्यामुळे भागाकार करायची गरजच नाही. संख्येचे दोन तुकडे पाडा, २^३१ चे पूर्ण गट किती आणि वर उरलं किती, आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज करा. इथे गट ९३४०९६३०७, उरलेले १८८३०५८१७८. बेरीज २८१७१५४४८५. ती प पेक्षा मोठी आहे, म्हणून प एकदा वजा : ६६९६७०८३८. संगणकात तर हे आणखी सोपं, खालचे ३१ बिट एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, आणि बेरीज.

उरलेल्या पायऱ्या यंत्रावर सोडा, पण छापून घ्या. अठ्ठाविसाव्या पायरीला ६५५३६ दिसेल. तो २^१६ आहे. त्याचा वर्ग २^३२, त्याची बाकी २, वजा २, शून्य. ऑयलर यांच्या चाळणीत भेटलेला तोच २^१६.

पायरी ६ : डाव्या शेजाऱ्याचे अवयव पाडा

प मूळ आहे हे ठरलं. आता तिच्या घातांचं जग कसं आहे ते पाहू, आणि त्यासाठी प − १ फोडायचा. तो २ × (२^३० − १) आहे, आणि २^३० − १ = (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. हे दोन्ही हाताने फुटतात : ३२७६७ = ७ × ३१ × १५१, ३२७६९ = ९ × ११ × ३३१. म्हणून

प − १ = २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१

दुसऱ्या पायरीत टिपलेले ७ आणि ११ इथे हजर आहेत.

कुठल्याही पायाचं आवर्तन प − १ चा विभाजक असतं. २ चं आवर्तन फक्त ३१, हे आपण पाहिलंच. द्विमान रूपात ते डोळ्यांनी दिसतं : ३१ बिटांच्या संख्येची दुप्पट करून प ने बाकी घेणं म्हणजे सगळे बिट एक घर डावीकडे सरकवणं आणि डावीकडून बाहेर पडलेला बिट उजव्या टोकाला आणून बसवणं. एकतीस वेळा केलं की मूळ जागा.

ज्याचं आवर्तन पूर्ण प − १ भरतं, त्याला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. त्याचे घात घेत गेलं की १ पासून प − १ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा आणि एकदाच भेटते. प साठी सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट ७. हे तपासायला दोन अब्ज घात काढावे लागत नाहीत. प − १ ला त्याच्या सात वेगवेगळ्या मूळ अवयवांनी एकेकदा भागा, ७ चा तेवढा घात घ्या, आणि कुठेही बाकी १ येत नाही ना एवढं बघा. घातांक असे होतील : १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. सातही वेळा १ सोडून दुसरं काही आलं आणि ७^(प−१) ला १ आला, की आवर्तन पूर्ण प − १ आहे हे सिद्ध. आणि गंमत अशी की प मूळ असल्याशिवाय एवढं लांब आवर्तन शक्यच नसतं. म्हणजे ‘७’ आणि वरची अवयवांची यादी, एवढ्या दोन गोष्टी कुणाच्या हातात ठेवल्या तर तो प मूळ असल्याचा स्वतंत्र पुरावा होतो. याला मूळ संख्येचं प्रमाणपत्रच म्हणतात.

एकूण प्रिमिटिव्ह रूट किती? १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३० = ५३४६०००००. साधारण दर चार संख्यांमागे एक.

७ चा पाचवा घात १६८०७ हाही प्रिमिटिव्ह रूट आहे, कारण ५ हा प − १ चा अवयव नाही. याच १६८०७ ला पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये यादृच्छिक आकडे निर्माण करण्याचा किमान दर्जा म्हणून सुचवलं. कृती अशी : १ पासून सुरुवात, दर वेळी १६८०७ ने गुणा आणि प ने बाकी घ्या. १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत आकडे निर्माण करणारी ही कृती आजही आहे आणि तिचा दहा हजारावा आकडा १०४३६१८०६५ आला पाहिजे असं त्या भाषेच्या अधिकृत नियमांतच लिहिलंय. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का ते ताडून पाहायला याहून चांगली खूण नाही.

पण गुप्तलेखनासाठी ही संख्या वापरायचा मोह झाला तर आवरा. ती त्या कामाला फार लहान आहेच. शिवाय डाव्या शेजाऱ्याचे अवयव बारीक आहेत, सर्वांत मोठा ३३१. घातावरून घातांक ओळखणं जिथे अवघड हवं, तिथे बारीक अवयव घात करतात. एकेका अवयवापुरतं उत्तर काढून ती जोडता येतात.

पायरी ७ : वर्ग आणि वर्गमूळं

प ला ४ ने भागून बाकी ३. यावरून दोन गोष्टी लगेच निघतात : प ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज नाही, आणि प च्या हिशेबात −१ हा कशाचाही वर्ग नाही. एखादी संख्या वर्ग आहे का हे चौथ्या पायरीतलाच घात सांगतो : १ आला तर वर्ग, −१ आला तर नाही. म्हणून २ वर्ग आहे. ३, ५, ७ नाहीत.

वर्गमूळ काढायचं तर संख्येचा (प + १) ÷ ४ इतका घात घ्यायचा. एरवी हा घातांक ओबडधोबड असतो, इथे तो नेमका २^२९ आहे. नुसते २९ वेळा वर्ग करत जा, वर्गमूळ हातात. २ वर करून पाहा, ६५५३६ मिळेल.

पायरी ८ : आजूबाजूची वस्ती

प च्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. अंतरं १८ आणि १२. या टप्प्यावर सरासरी अंतर साधारण २१ असतं, तेव्हा यात नवल काही नाही. जुळी भावंडं नाहीत : प − २ ला ५ जातो, प + २ ला ३. २ पासून मोजत आलात तर प चा क्रमांक १०५०९७५६५ वा. प ला तिच्या नैसर्गिक लॉगने भागून केलेला झटपट अंदाज सुमारे ९ कोटी ९९ लाख देतो, म्हणजे पाच टक्के कमी.

दुप्पट करून १ मिळवला की २^३२ − १ होते, आणि ती फुटते ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ अशी. हे पाचही फर्मा मूळ संख्या (२^(२^न) + १ या घाटाच्या मूळ संख्या) आहेत, आणि सहावी आजवर कुणाला सापडलेली नाही.

प ला २^३० ने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज तीच येते. १८११ मध्ये पीटर बार्लो यांनी लिहिलं होतं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही. गणितात ‘कधीच’ शब्द जपून वापरावा.

याहून मोठ्या संख्येकडे

पुढची मर्सेन मूळ संख्या २^६१ − १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. वर्गमूळ दीड अब्जाच्या वर, तेव्हा भागाकारांच्या नादी लागू नका. लुकास-लेमरच्या ५९ पायऱ्या करा. शून्याच्या आधी २^३१ किंवा त्याची ऋण बाजू येणार हे पाचव्या पायरीवरून आधीच सांगता येतं. दोन्हींपैकी कोणती ते यंत्राला विचारा. २^६० − १ चे अवयव हाताने पाडा, मग सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट शोधा.

प ही मूळ, मग २^प − १ सुद्धा मूळ असेल का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ती ६४ कोटींहून जास्त अंकांची आहे आणि मूळ नाही. तिचा एक अवयव माहीत आहे : २९५२५७५२६६२६०३१. तिसऱ्या पायरीतला साचा इथेही लागतो. या अवयवातून १ वजा करून २प ने भागा, नेमके ६८७४५ येतात. आणि तो खरोखर भागतो का हे बघायला ६४ कोटी अंक लिहावे लागत नाहीत : पॉवला २, प आणि हा अवयव द्या, बाकी १ आली पाहिजे.

सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली. ती शोधायला आणि पक्की करायला वापरलेली हत्यारं आपण वर पाहिली त्याच जातीची : ऑयलर यांचा साचा, पायाचे घात आणि लुकास-लेमर. तिचे अंक किती ते तुम्ही स्वतः काढू शकता : घातांकाला २ च्या लॉगने (नैसर्गिक नव्हे, १० पायाच्या) गुणा, पूर्णांक भाग घ्या, १ मिळवा. फक्त पाठ असलेलं ०.३०१०३ वापरू नका. त्याने ४१०२४३२१ येतात, एक अंक जास्त. ०.३०१०२९९९५६६ घेतलंत की बरोबर ४१०२४३२० मिळतील.